बाळाचा डोस आणि आपल्या खिशातला फोन : नागपूरच्या बालरोगतज्ज्ञांना खुले पत्र

प्रति,
पदाधिकारी व सर्व सभासद,
इंडियन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स, नागपूर शाखा

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलीच एक. नागपुरात लहान मुलांचं रुग्णालय चालवते आणि आठवड्यातून काही वेळ रेसिडेंट डॉक्टरांना शिकवते. हे पत्र फोनबद्दल आहे. विषय किरकोळ वाटेल, पण आज आपल्या शहरात मुलांना दिल्या जाणाऱ्या औषधांचा डोस मोठ्या प्रमाणात फोनवर पाहूनच ठरतो. धंतोलीतल्या क्लिनिकपासून मेडिकल, मेयो, डागा आणि एम्स या रुग्णालयांच्या वॉर्डापर्यंत हेच चित्र आहे. स्टेथोस्कोप कुठला घ्यायचा, वजनकाटा किती ग्रॅमपर्यंत अचूक हवा, यावर आपण तासभर बोलू शकतो. मात्र कोणतं ॲप उघडून डोस काढायचा, ते कोणत्या देशासाठी लिहिलेलं आहे, शेवटचं कधी सुधारलं, हे आपण कधी एकत्र बसून ठरवलेलं नाही. ज्याला जे सापडलं, सीनियरने जे सांगितलं, औषध कंपनीच्या प्रतिनिधीने (एमआरने) जे फोनमध्ये टाकून दिलं, ते चालू आहे. शाखेने आता यात हात घालावा, एवढीच माझी मागणी आहे. ती का, हे जरा सविस्तर सांगते.

मोठ्यांच्या डॉक्टरला ॲपमधला आकडा थोडा इकडेतिकडे झाला तरी सहसा निभावतं. आपल्याकडे रुग्ण ९०० ग्रॅमचाही असतो आणि ५० किलोचाही. प्रत्येक डोस वजनाने गुणायचा, मग मिलीग्रॅमचे मिली करायचे, आणि ते मिली हातातल्या बाटलीवर किंवा ॲम्प्यूलवर (इंजेक्शनच्या काचेच्या कुपीवर) काय छापलंय त्यावर अवलंबून. गडबड इथेच होते. ॲप मिलीग्रॅमपर्यंत बरोबर असतं, मिलीवर आलं की ते आपल्या देशातलं राहत नाही.

ॲड्रेनॅलिनचंच बघा. हृदय थांबलेल्या बाळाला शिरेतून द्यायचा डोस किलोमागे ०.०१ मिलीग्रॅम. परदेशी ॲपमध्ये शेजारीच ‘किलोमागे ०.१ मिली’ लिहिलेलं दिसतं. ते त्यांच्या जागी बरोबर आहे, कारण त्यांच्या क्रॅश कार्टमध्ये (आणीबाणीच्या औषधांच्या गाडीत) मिलीला ०.१ मिलीग्रॅम ताकदीची भरलेली सिरिंज तयार असते. आपल्या ट्रेमध्ये असतो १ मिलीग्रॅम प्रति मिलीचा काचेचा ॲम्प्यूल. त्यातला १ मिली घेऊन त्यात ९ मिली सलाइन घातलं, तरच तो ०.१ मिलीचा हिशोब लागू होतो. न घालता दिलं तर दहापट. रात्री दोन वाजता, नातेवाईक दारात उभे असताना, पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटने एका हाताने मास्क धरलाय आणि दुसऱ्या हाताने स्क्रीन सरकवतोय. त्या वेळी पडद्यावर ‘आधी पातळ करा’ हे तीन शब्द असणं किंवा नसणं, यात एका लेकराचा जीव आहे. मला हवं असलेलं ॲप ते, जे हे तीन शब्द लाल अक्षरात दाखवेल.

दुसरं उदाहरण रोजच्या ओपीडीतलं. पॅरासिटामॉल. अमेरिकेत २०११ पासून लहान मुलांचं पातळ पॅरासिटामॉल ५ मिलीत १६० मिलीग्रॅम या एकाच ताकदीत आणलं गेलं. आपल्याकडे काय मिळतं? ५ मिलीत १२० किंवा १२५, ५ मिलीत २५०, आणि थेंबांच्या बाटलीत १ मिलीत १००. दहा किलोच्या बाळाला किलोमागे १५ प्रमाणे १५० मिलीग्रॅम द्यायचे, तर अमेरिकन ॲप सांगणार ४.७ मिली. आपल्या १२० च्या बाटलीतून ते व्हायला हवं सव्वासहा मिली, २५० च्या बाटलीतून ३ मिली आणि थेंबांच्या बाटलीतून दीड मिली. तोच ४.७ चा आकडा थेंबांच्या बाटलीला लावला, तर बाळाच्या पोटात तिपटीहून अधिक औषध गेलं. आणि घरी मोजमाप कशाने होतं ते आपल्याला माहीत आहे. ‘किती दिलं?’ असं विचारलं की काटोल-सावनेरकडची आई सांगते, ‘ढक्कनभर देल्लं ना जी, मॅडम.’ तिचा यात काही दोष नाही. तिला मिलीत सांगणारं, सिरिंजवर खूण करून देणारं कोणी भेटलं नाही. ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडचंही असंच. आपल्या खोक्यावर २२८.५ आणि ४५७ असे एकूण आकडे छापलेले असतात, आणि हिशोब करायचा असतो फक्त ॲमॉक्सिसिलिनच्या २०० आणि ४०० वर. ॲपने यापैकी कोणता आकडा धरलाय, हे सांगणारी ओळ त्यात नसेल तर तो हिशोब मी मानत नाही.

आता विदर्भाकडे येते, कारण आपल्याकडे मुलं फक्त नागपुरातून येत नाहीत. गडचिरोली, गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, आणि सीमेपलीकडून बालाघाट, शिवनी, छिंदवाडा. त्यांच्याबरोबर येतात विंचू आणि साप. परदेशी संदर्भात विंचूदंश उघडला, तर बराचसा मजकूर ॲरिझोनाकडच्या विंचवावर आणि त्याच्या प्रतिविषावर. आपला लाल विंचू वेगळा. त्याच्या विषाने रक्तदाब चढतो, हातपाय गार पडतात, फुप्फुसात पाणी भरतं. त्यावर तोंडाने प्राझोसिन, किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, हा उपचार महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ग्रामीण भागात काम करताना उभा केला आणि जगाने तो स्वीकारला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. महाराष्ट्रात जन्मलेला हा उपचार महाराष्ट्रातल्याच रेसिडेंटला फोनवर चार पानं खाली शोधावा लागतो, याची मला चीड येते.

सर्पदंशात अडचण वेगळीच. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवरचं आपलं प्रतिविष लहान मुलालाही मोठ्याइतकंच द्यायचं, सुरुवातीला ८ ते १० व्हायल (कुप्या). साप मूल बघून कमी विष सोडत नाही. पण ज्याला प्रत्येक गोष्ट वजनाने गुणायची सवय लागलीय, त्या नवख्या डॉक्टरचा हात इथे आखडतो. वजन टाका, डोस घ्या अशा धर्तीचं कॅल्क्युलेटर ही सवय आणखी पक्की करतं. कुठे गुणायचं नाही, हेही ॲपला माहीत हवं.

लसीकरण आणि वाढीचे तक्ते यांत जिवावर बेतत नाही, पण चुका रोज होतात. अमेरिकन वेळापत्रकात बीसीजी नाही, गोवराची लस वर्षाची झाल्यावर, तोंडावाटे पोलिओचे थेंब नाहीत. आपल्याकडे जन्मताच बीसीजी, नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेला, शिवाय विदर्भातल्या काही जिल्ह्यांत जपानी मेंदूज्वराची लस. वाढीसाठी पाच वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे तक्ते आणि पुढे १८ पर्यंत आपल्या ॲकॅडमीचे २०१५ चे. ॲपने गुपचूप अमेरिकन तक्ता लावला, तर आठ वर्षांचं जास्त वजनाचं मूलही ‘ठीक’ दिसतं आणि आईवडील खूश होऊन घरी जातात.

आणि वजन. कोणतंही ॲप वजनाइतकंच खरं. वयात चार मिळवून दुपटीने गुणलं की तीन वर्षांचं मूल १४ किलोचं होतं. मेळघाटातलं किंवा भामरागडचं तीन वर्षांचं लेकरू प्रत्यक्षात दहा-अकरा किलोंचं असू शकतं. उंचीवरून वजन सांगणारी परदेशी रंगीत पट्टीसुद्धा भारतीय मुलांचं वजन जास्त दाखवते, हे आपल्याकडच्या अभ्यासांत दिसलेलं आहे. वयावरून वजन आपणहून भरणारी सोय ज्या ॲपमध्ये असेल, तिथे ती बंद करता यायला हवी. मूल काट्यावर ठेवायला अर्धा मिनिट लागतो.

ॲपची तारीख हा मुद्दा मला सगळ्यात जास्त छळतो. नवजात बाळाच्या काविळीत फोटोथेरपी (प्रकाशाचा उपचार) कधी लावायची, याचे अमेरिकन बालरोग अकादमीचे जुने आलेख २००४ चे, सुधारित २०२२ चे. दोन्ही आजही फोनवर फिरताहेत. पडद्यावर रेघ तीच, रंग तेच, खाली वर्ष लिहिलेलं नाही. बाळ एकच, आणि एका आलेखात लाइट लावायचा, दुसऱ्यात नाही. ज्या पानावर स्रोत आणि वर्ष नाही, त्या पानावर उपचार ठरवू नये, असा नियम मी माझ्या रुग्णालयात केला आहे. आता त्यात चॅटबॉटची भर पडली. रेसिडेंट मला दाखवतात, प्रश्न टाकला की सुबक परिच्छेद येतो, आत्मविश्वासाने लिहिलेला. त्याला हातातली बाटली दिसत नाही, आणि उत्तर चुकलं तर त्याला ते कळतही नाही. एखादा आजार वाचून समजून घ्यायला ते वापरा. डोस काढायला वापरू नका, हे मी स्पष्ट सांगते, आणि शाखेनेही लेखी सांगावं.

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ आपण कोणीच विसरणार नाही. छिंदवाडा जिल्ह्यातून लघवी बंद झालेली, किडनी निकामी झालेली मुलं नागपुरात येत होती, आणि खोकल्याच्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं. ३ ऑक्टोबरला केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सांगितलं की दोन वर्षांखाली खोकल्या-सर्दीची औषधं देऊ नका आणि पाचच्या खाली शक्यतो टाळा. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्येच क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिनचं एक मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा औषध महानियंत्रकांचा आदेश होता. हे आपल्यापर्यंत कसं पोहोचलं? बहुतेकांना व्हॉट्सॲपवर, अर्धवट कापलेल्या फोटोत, खऱ्या-खोट्या बॅच नंबरांच्या गर्दीत. गावातल्या जनरल प्रॅक्टिशनरपर्यंत तेही नाही. ॲप निवडताना मी पहिला प्रश्न हा विचारेन की भारतातला असा इशारा त्यात दिसेल का, आणि किती तासांत.

मग कोणती ॲप? माझं मत सांगते, पटलं नाही तर भांडा. मेडस्केप फुकट आहे, औषधांचा संग्रह फोनवर उतरवून ठेवता येतो, दोन औषधं एकत्र चालतात का ते बघायला उत्तम, पण त्यातल्या मिलीवर विसंबू नका. ‘अपटुडेट’ या ॲपसारखं खोलात जाऊन वाचायला दुसरं नाही. त्याचं शुल्क एकट्यादुकट्या डॉक्टरला जड जातं, म्हणून ते संस्थेने घ्यावं. ब्रिटनची मुलांची फॉर्म्युलरी (औषधं आणि डोसांची संदर्भसूची) मला मांडणीच्या दृष्टीने सगळ्यात आवडते, फक्त तिच्यातल्या बाटल्याही ब्रिटनच्याच. आणि आपल्या ॲकॅडमीच्या २०२२ च्या उपचार मार्गदर्शिका फुकट उपलब्ध असून त्या आपल्या मुलांसाठी लिहिल्या आहेत. त्या प्रत्येक रेसिडेंटच्या फोनवर पहिल्या दिवशी उतरवून घ्यायला हव्यात. श्वास मोजायचं बटण असलेली ॲप चांगली आहेत, पूर्ण मिनिट मोजा म्हणजे झालं. कॅमेऱ्यावर बोट ठेवून ऑक्सिजन सांगणारी मात्र काढून टाका.

यातलं सगळं इंटरनेटशिवाय चाललं पाहिजे. जाड भिंतींचे जुने वॉर्ड, लिफ्ट, तळघरातला एक्स-रे विभाग, नागपूर-गडचिरोली रस्त्यावरची रुग्णवाहिका, इथे नेटवर्क जातं आणि नेमकं तिथेच मूल बिघडतं. विमान मोड लावा आणि ॲप उघडून बघा. उघडलं नाही तर ते वॉर्डाच्या कामाचं नाही.

आता उपकरणाबद्दल. फोन निवडताना आपण कॅमेरा बघतो. नागपुरात आधी उन्हाळा बघायला हवा. आयफोनसाठी कंपनीनेच सांगितलेलं वापराचं तापमान ० ते ३५ अंश आहे. आपल्याकडे मे महिन्यात ४५ नवलाचं नाही, २०१३ च्या मे मध्ये तर ४७.९ ची नोंद झाली. कूलर बंद पडलेल्या वॉर्डात, बंद गाडीत, रुग्णवाहिकेच्या पुढच्या काचेजवळ ठेवलेला फोन तापतो, पडदा मंद होतो आणि थंड होईपर्यंत चालत नाही. म्हणून आणीबाणीचे डोस एका पानावर छापून, लॅमिनेट करून क्रॅश कार्टला टांगलेले असलेच पाहिजेत, फोन कितीही महागाचा असो.

बाकी मुद्दे सरळ आहेत. सुरक्षेचे अपडेट अजून निदान तीन वर्षं मिळणार असतील असाच फोन घ्या, स्वस्त जुना माल नको. टॅब घ्यायचा तर आठ इंचांच्या आसपासचा, ॲप्रनच्या खिशात मावतो. दहा इंची टॅब नर्सिंग स्टेशनवर पडून राहतो. एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) जाणारं उपकरण दर वेळी पुसायचं असतं, तेही ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या वाइपने. आपल्याकडे फरशी पुसायच्या हायपोक्लोराइटनेच सगळं पुसलं जातं आणि पडदा जातो. कापडी किंवा नक्षीदार कव्हर एनआयसीयूत चालत नाही.

एका संस्थेत मी स्वतः पाहिलेला प्रकार लिहिते, नाव घेत नाही. बालरोग विभागासाठी टॅब आले. निविदेत सगळ्यात कमी किंमत हाच निकष. कोणती ॲप चालवायची, कोण अपडेट करणार, चार्जर किती, कशाचाच उल्लेख नव्हता. टॅबची अँड्रॉइड आवृत्ती इतकी जुनी, की हवं ते ॲप उतरेचना. हरवला तर पगारातून कापू, अशी नोटीस लागली. परिणाम असा की टॅब कुलपात, आणि रेसिडेंट स्टायपेंडमधून हप्त्यावर घेतलेल्या स्वतःच्या फोनवर डोस काढतात. खरेदीच्या टेबलावर एकही बालरोगतज्ज्ञ नव्हता. शाखेने शासकीय आणि महापालिकेच्या संस्थांना एक पानाची तांत्रिक अट लिहून दिली, तरी हे बदलेल.

फोटोंबद्दल थोडक्यात. अंगावरची पुरळ, फिटचा व्हिडिओ, एक्स-रे, सगळं आपण ग्रुपवर टाकतो. ते घरच्या गॅलरीत जातं, तिथून आपोआप क्लाउडवर. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येकजण बालक आहे आणि त्याच्या माहितीला वेगळं संरक्षण आहे. कायदा बाजूला ठेवला, तरी त्या मुलाच्या आईला तो फोटो कुठे गेला हे आवडलं असतं का, एवढं विचारलं की उत्तर मिळतं. कामाच्या फोटोंसाठी वेगळं, कुलूपबंद ठिकाण ठरवावं आणि चेहरा टाळावा.

फुकटच्या ॲपचं काय? औषध कंपन्या सुंदर डोस कॅल्क्युलेटर देतात आणि औषधाचं मूळ (जेनेरिक) नाव टाइप केलं की पहिला ब्रँड त्यांचा. मार्च २०२४ च्या औषध विपणनाच्या समान संहितेने डॉक्टरांना वैयक्तिक भेटवस्तू देण्यावर बंदी आणली आहे. तशीच रेषा आपण ॲपबाबत आखावी. शाखेने सुचवलेलं कोणतंही ॲप कंपनीच्या पैशावर चालणारं नसावं, आणि परिषदेत टॅब वाटणाऱ्यांना दालन देऊ नये. यावर काहीजण नाराज होतील, होऊ देत.

तर मागणी अशी. शाखेने पाच-सहा जणांची समिती करावी. त्यात एक रेसिडेंट, एक एनआयसीयूची सिस्टर, एक फार्मासिस्ट आणि तालुक्याला प्रॅक्टिस करणारा एक डॉक्टर असावाच, सगळे शहरातल्या रामदासपेठेतले नकोत. समितीने शहरात खरोखर मिळणाऱ्या बाटल्या आणि ॲम्प्यूल टेबलावर मांडाव्यात आणि प्रत्येक ॲपला तेच प्रश्न घालावेत : ॲड्रेनॅलिन, पॅरासिटामॉलचे थेंब, विंचू, घोणस, काविळीची रेघ, सिकलसेलच्या मुलाचं हायड्रॉक्सियुरिया हे औषध. शेवटचं मुद्दाम घातलं, कारण हा आजार विदर्भाचा आहे आणि २०२३ पासून त्यावर राष्ट्रीय अभियान सुरू आहे. यातून जी दोन-तीन ॲप टिकतील त्यांची नावं जाहीर करावीत, दर सहा महिन्यांनी पुन्हा तपासावीत. आणि आपल्या भागातल्या ताकदींचा एक तक्ता मराठी-हिंदीत काढावा, ऑफलाइन उघडणारा, ज्याच्या खाली तारीख असेल आणि ज्याच्या दुसऱ्या पानावर आईला दाखवायला सिरिंजचं चित्र असेल.

एक गोष्ट आपण उद्यापासून, समितीविना करू शकतो. डॉक्टर फोनमध्ये डोकं घालून बसलाय, असं नातेवाईकांना वाटतं, आणि त्या भीतीने रेसिडेंट टेबलाखाली घाईघाईने बघतात. ते थांबवू. फोन उघडताना मोठ्याने सांगायचं, ‘तुमच्या बाळाचा डोस वजनाप्रमाणे पुन्हा एकदा तपासून घेतो.’ मग पडद्यावरचा आकडा सिस्टरला वाचून दाखवायचा आणि तिने बाटली बघून तो परत म्हणायचा. माझ्या वॉर्डात हे सुरू आहे, आणि अजून एकाही आईवडिलांनी तक्रार केलेली नाही.

येत्या मासिक सभेत हा विषय घ्यावा. बाजारात मिळणाऱ्या मुलांच्या पातळ औषधांच्या ताकदींची यादी मी काढायला घेतली आहे. सभेला ती आणि शंभर-एक रिकाम्या बाटल्या घेऊन येते. प्रत्येकाने आपला फोन आणावा, विमान मोडवर.

आपली,
नागपुरातील एक बालरोगतज्ज्ञ